जे बोललं जाईल, तेवढंच

आमागासे-सान गेल्याची बातमी मला कुणी दिली नाही, ती मलाच द्यावी लागली. सकाळी माझ्या मुलीच्या, इराच्या समर कॅम्पचा डबा भरत होते, तेवढ्यात त्यांच्या बायकोचा, सानाए-सानचा (सान म्हणजे जपानीतलं आपलं 'जी'), फोन आला. नेहमीप्रमाणे आधी माफी मागितली, सकाळी सकाळी त्रास देते म्हणाली, आणि मग त्याच हळू आवाजात जपानीत म्हणाली, "आम्ही हॉस्पिटलमध्ये आहोत. डॉक्टर काहीतरी सांगतायत. त्यांचं इंग्लिश मला कळत नाही… की मला कळून घ्यायचं नाहीये, माहीत नाही. तुम्ही याल का?" टेक्ससमधल्या आमच्या शुगर लँडमधून निघून हायवेला लागले तेव्हा समोरच्या गाड्यांवर ऊन नुसतं उकळत होतं. पोचले तेव्हा डॉक्टर कॉरिडॉरमध्ये उभे होते. त्यांनी मला काय ते सांगितलं. रक्ताची गुठळी मेंदूकडे गेली होती, करण्यासारखं काही उरलं नव्हतं, ते गेले होते. मी ते ऐकलं आणि सानाए-सानकडे वळले. माझ्या एका वळण्याएवढा वेळ ती अजून सवाष्ण होती. मग मी वाक्य जपानीत म्हटलं. तिने मान खाली घालून ऐकलं आणि मला म्हणाली, त्यांना विचारा, यांना त्रास झाला का. डॉक्टर म्हणाले, नक्की सांगता येणार नाही. झाला नसेल हो, असं म्हणायला माझं काय जात होतं? पण मी जसंच्या तसं सांगितलं. सांगता येणार नाही म्हणतात.

या गोष्टीला आता काही आठवडे होऊन गेलेत. या पुरवणीच्या वाचकांना तोरू आमागासे हे नाव माहीत असण्याचं कारण नाही. आपल्याकडे बेसबॉल कोण बघतं? मीसुद्धा बघत नव्हते. हा गृहस्थ जपानमध्ये मोठा पिचर होता. पिचर म्हणजे आपला गोलंदाजच, पण धावत येत नाही. मैदानाच्या मध्यभागी मातीचा एक उंचवटा असतो, माउंड म्हणतात त्याला. त्यावर उभं राहायचं, एक पाय छातीपर्यंत उचलायचा आणि सगळं अंग त्या एका हातातून फेकून द्यायचं. शाळेत असल्यापासून आमागासे-सान हेच करत आले होते. समुद्राकाठच्या लहानशा गावातला मुलगा, शाळेच्या स्पर्धेत लागोपाठच्या दिवसांत पूर्ण सामनाभर बॉल टाकून गावात देव झाला. पुढे तिथल्या व्यावसायिक संघात गेला, बरीच वर्षं त्या संघाचा पहिल्या नंबरचा पिचर राहिला. आणि ज्या वयात इतर पिचर गुडघे आणि खांदे सांभाळत कोचिंगकडे वळतात, त्या वयात अमेरिकेला आला. इथल्या मोठ्या लीगमध्ये दोन हंगाम नाव झालं. मग कुठेतरी वेग कमी झाला, आणि संघाने त्यांना खालच्या लीगमध्ये पाठवलं, आमच्या शुगर लँडला. परत वर जायचं, एवढं एकच त्यांच्या डोक्यात होतं.

आणि मी? मी पुण्यात जपानी शिकलेली, आयटी कंपनीत जपानी क्लायंटची कागदपत्रं मराठी डोक्याने इंग्रजीत आणणारी बाई. निखिलशी लग्न झालं, त्याची तेल कंपनीतली नोकरी इथे, म्हणून मी इथे. नवऱ्याच्या व्हिसावर येऊन भाजी चिरत बसलेली. पुढे कामाची परवानगी आली, आणि कुणाच्या तरी ओळखीतून कळलं की आमच्या गावातल्या संघाला जपानी दुभाषा हवाय. मुलाखतीत मला बेसबॉलबद्दल काय येतं विचारलं, तर मी क्रिकेटवर बोलून आले. तरी घेतलं. टेक्ससच्या उन्हात बसने हिंडायला दुसरं कुणी तयार नसावं.

आमच्या पुण्याच्या जपानीच्या बाई, आम्ही त्यांना सेन्सेई म्हणायचो, एक गोष्ट आमच्याकडून घोकून घ्यायच्या. दुसऱ्याच्या स्वयंपाकात आपलं मीठ घालायचं नाही, आणि त्याच्या पातेल्यातलं काढूनही ठेवायचं नाही. जे बोललं जाईल, तेवढंच पुढे जाईल. पहिल्या दिवशी मी आमागासे-सानना हेच सांगितलं. "तुम्ही माझ्यासमोर जे बोलाल ते सगळं मी कोचला सांगणार. सांगायचं नसेल, ते बोलू नका." ते कमरेत वाकले आणि हसले. "सोपं आहे, मृणाल-सान. माझी बायको म्हणते, मी तसाही बोलत नाही." मला वाटलं, बरा आहे हा माणूस, काम कमी पडेल.

त्यांचा एक टॉवेल होता. टॉवेल म्हणजे आपला पंचाच म्हणा, पातळ, निळ्या काठाचा. जपानी पिचर बॉलऐवजी हातात असा टॉवेल धरून पिचिंगचा सराव करतात. सगळी क्रिया तीच, पाय उचलायचा, पुढे टाकायचा, हात फिरवायचा, आणि शेवटी टॉवेलचं टोक हवेत फट्ट वाजलं पाहिजे. नीट वाजलं तर हात नीट फिरला. दौऱ्यावर असलो की सकाळी नाश्त्याच्या आधी मोटेलच्या भिंतीपलीकडून तो आवाज यायचा. ओक्लाहोमात, न्यू मेक्सिकोत, कुठल्याही एकसारख्या खोलीत मी केस विंचरत असायची आणि पलीकडे फट्ट… फट्ट… मला त्याची इतकी सवय झाली की घरी आल्यावर सकाळ रिकामी वाटायची. निखिल म्हणायचा, "यार, तू त्या टॉवेललाच मिस करतेस."

त्या उन्हाळ्यात आवाज बदलला. फट्ट नाही, फस्स. टॉवेल ओला असेल, म्हटलं. मग मध्येच एकदम थांबायचा, आणि बऱ्याच वेळाने पुन्हा सुरू व्हायचा. मला यातलं काही कळत नव्हतं, आणि तरी कंगवा हातात धरून मी पुढच्या आवाजाची वाट बघत उभी राहायची. एक-दोनदा मी त्यांना विचारलंसुद्धा, बरं आहे ना? बरं आहे, म्हणाले. तेवढंच पुढे गेलं.

त्याच सुमारास सासूबाई नागपूरहून आल्या होत्या, म्हणून मी आमागासे पती-पत्नीला जेवायला बोलावलं. सानाए-सानला मी चमचा दिला. आमागासे-सान मात्र म्हणाले, तुम्ही हाताने जेवता ना, मग मीही हातानेच. सासूबाई खूश. कुकरमधून काढलेला भात, त्यावर उकळतं वरण, वर तूप. वाफा इतक्या की निखिलचा चष्मा धुरकटला. आम्ही सगळे कडेकडेने बोट लावून फुंकर घालत होतो, आणि आमागासे-सान शांतपणे भाताच्या मधोमध हात घालून कालवत होते. पूर्ण पंजा. तोंडावर रेषसुद्धा हलली नाही.

"बाप्पा!" सासूबाई म्हणाल्या, "याच्या हाताला चटका कसा लागत नाही गं?"

मी भाषांतर केलं. आमागासे-सान हात वर करून हसले. पिचरच्या बोटांची कातडी जाड होते, म्हणाले. निखिल तर एकदम फॅन. "आई, प्रो ॲथलीट आहे तो! पेन टॉलरन्स बघ ना!" आम्ही सगळे हसलो, कौतुकाने. आम्हा मराठी माणसांना पाहुण्याने हाताने जेवावं याचंच इतकं अप्रूप की तो कसा जेवतोय हे कोण बघतं. सासूबाई तेवढ्या हसल्या नाहीत. त्या त्यांच्या हाताकडे बघत राहिल्या, आणि मग उगीचच त्यांच्या भातावर थंड ताक वाढलं. निघताना इराने "तोरू काका, हाय फाइव्ह!" म्हणून त्यांच्या पंजाला टाळी दिली आणि दार लावल्यावर मला म्हणाली, "आई, हिज हँड इज सो कोल्ड." ऑगस्ट महिना होता. बाहेर कुत्रीसुद्धा गाडीखाली जाऊन झोपलेली.

त्यानंतर आठवडाभरातच तो सामना झाला. रविवारची दुपार. वरच्या संघाची माणसं जाळीमागे येऊन बसली होती, टोप्या डोळ्यांवर ओढून. आमागासे-सानना परत वर न्यायचं का, ते त्या दुपारी ठरणार होतं. हे त्यांना माहीत होतं, कोचना माहीत होतं, पॉपकॉर्न विकणाऱ्यालाही माहीत असावं. सुरुवात झकास झाली. मग तिसऱ्या की चौथ्या खेळाडूला टाकलेला बॉल भलतीकडेच गेला. पुढचा त्याच्या डोक्यावरून. कॅचरने, म्हणजे तिकडच्या यष्टिरक्षकाने, परत फेकलेला बॉल आमागासे-सानच्या उजव्या हातातून खाली पडला, आणि त्यांनी तो डाव्या हाताने उचलला. मी बाकावरून उठलेच. कोच डॅनीही उठला. आम्ही दोघं माउंडकडे चालत गेलो.

डॅनीने विचारलं, "टोरू, हाऊज द हँड?"

मी विचारलं. आमागासे-सानने बॉल पाठीमागे धरला होता. ते डॅनीकडे बघत नव्हते, माझ्याकडेही नाही. जाळीमागच्या टोप्यांकडे बघत होते. मग अगदी हळू म्हणाले, "बोटं कळत नाहीत." आणि थोडं थांबून, "हे सांगू नका."

आता सांगा, काय करायचं? सेन्सेई पुण्यात, मी टेक्ससच्या मातीवर, आणि माझ्यासमोर एका माणसाची सगळी हयात बॉल पाठीमागे लपवून उभी. नियम साधा होता. मी डॅनीला म्हटलं, "तो म्हणतो, त्याला बोटं जाणवत नाहीत. तो असंही म्हणतो की हे तुम्हांला सांगू नये." दोन्ही वाक्यं. काही घातलं नाही, काही काढलं नाही. डॅनीने नुसता हात पुढे केला. आमागासे-सानने बॉल त्या हातात ठेवला, मला वाकून नमस्कार केला, आणि चालू लागले. त्या माउंडवर ते पुन्हा कधी चढले नाहीत. कुठल्याच माउंडवर नाही.

खांद्याजवळची रक्तवाहिनी बॉल टाकून टाकून खराब झाली होती, तिच्यात गुठळ्या होत होत्या आणि हाताकडे जात होत्या. ऑपरेशन झालं, एक बरगडी काढली. सर्जन मला म्हणाले, आणखी थोडे बॉल टाकले असते तर गुठळी उलटी फिरून डोक्यात गेली असती. मी तेही सांगितलं. आमागासे-सान "कळलं" म्हणाले. आभार मानले. जपानी माणूस रागावला की आणखी नम्र होतो, असं सेन्सेई म्हणायच्या. ते आधीच इतके नम्र होते की मला काही थांगच लागेना. दर उन्हाळ्यात त्यांच्याकडून आम्हाला जपानी शेवयांचा खोका यायचा, त्यांच्याकडची रीतच आहे ती. त्या वर्षीही आला, पुढच्या वर्षीही. मी खोका उघडायची आणि चिठ्ठी उलटसुलट करून बघायची, की हा माणूस माझ्यावर चिडलाय की नाही. उन्हाळ्यात तब्येतीला जपा, एवढंच लिहिलेलं. मी केलं ते मला चूक वाटत नव्हतं, आजही वाटत नाही. पण माझ्या दोन वाक्यांनी त्यांचं करिअर संपलं, आणि त्यावर त्यांनी कधी एक अक्षर काढलं नाही. विचारायला जीभ उचलायची आणि मी शेवयांची रेसिपी विचारून परत यायची.

ते इथेच राहिले. एका इनडोअर जाळीत मुलांना शिकवायचे. मुलांना बॉल दाखवण्यापुरता हातात घ्यायचे, बाकी टॉवेल. बरी वर्षं होती ती, निदान मला तशी वाटली.

मग यंदाच्या वसंतात त्यांच्या जुन्या जपानी संघाकडून बोलावणं आलं. तिकडे मोठ्या खेळाडूला निरोपाचा सामना देतात. पिचर असेल तर तो एकाच फलंदाजाला बॉल टाकतो, फलंदाज मानाने बॅट फिरवून हुकवतो, सगळं मैदान उभं राहतं, फुलं देतात, रडतात. सगळं ठरवून, प्रेमाने केलेलं. त्यात काय मोठंसं, असं तुम्हांला वाटेल. पण एक फलंदाज असला तरी खरा बॉल टाकायचा असतो. आमागासे-सानसारखा माणूस तिथे लोकांना नुसता हात हलवून दाखवायला जाणार नव्हता.

त्यांनी मला डॉक्टरांकडे यायची विनंती केली. ती आमची शेवटची भेट. एसी इतका गार की मी ओढणी गुंडाळून बसले होते. आमागासे-सानच्या मांडीवर तो टॉवेल होता, घट्ट गुंडाळलेला. त्यांनी विचारलं, एका फलंदाजाला बॉल टाकता येतील का. डॉक्टरांनी तपासलं, फोटो बघितले, आणि म्हणाले, "नॉट वन पिच. एकही नाही." मी सांगितलं. आमागासे-सानने ऐकलं, मान हलवली, आणि म्हणाले, "कळलं." मी वाट बघितली. डॉक्टरांनीही बघितली. पुढे काही नाही. पार्किंगमध्ये तापलेल्या गाडीपाशी मी विचारलं, आणखी काही विचारायचं होतं का? "नाही, मृणाल-सान. आज काम सोपं होतं तुमचं." हसले. टॉवेल काखेत मारून गाडीचं दार डाव्या हाताने उघडलं.

त्यानंतर एकदा इराला मैत्रिणीकडे सोडून येताना त्यांच्या रस्त्याने आले. गॅरेजचं दार अर्धं उघडं होतं आणि आतून आवाज आला. फट्ट. कोरडा, खणखणीत, जुना आवाज. मला इतकं बरं वाटलं की मी हॉर्न वाजवून पुढे गेले. टॉवेलच आहे, म्हटलं, टॉवेलने काय होतंय. नंतर कळलं ते असं, की टॉवेल झाला की ते गॅरेजचं दार पूर्ण खाली ओढून घ्यायचे. आत जाळी लावली होती, खरा बॉल टाकायला.

सानाए-सान त्यांच्या अस्थी घेऊन जपानला परत निघाली. त्याआधी घर आवरायला मी गेले होते. गॅरेज शेवटी राहिलं. आत भट्टी झाली होती. जाळी तशीच होती, आणि तिच्यासमोर फरशीवर एक घासलेला डाग, पुढचा पाय पडायचा तो. दर वेळी त्याच जागी. आम्ही दोघीही त्या डागाला वळसा घालून चालत होतो. टॉवेल खिळ्याला अडकवलेला होता. शेवटी मला राहवलं नाही. "त्या दिवशी माउंडवर मी सांगून टाकलं," मी म्हटलं, "त्याचा राग होता का त्यांच्या मनात?"

सानाए-सान चक्रावून माझ्याकडे बघायला लागली. "राग? कशाचा? त्यांनी तर तुम्हांला सांगितलं होतं."

"सांगू नका, असंही म्हणाले होते."

"तेही तुमच्यासमोरच म्हणाले ना," ती म्हणाली. "घरी आल्यावर मला म्हणाले, मला स्वतःहून बॉल देता आला नसता, म्हणून मृणाल-सानला सांगितलं. त्या सांगतात." मग तिने टॉवेल खिळ्यावरून काढला आणि त्याची घडी घालायला लागली. घडी घालता घालता म्हणाली, "डॉक्टरांकडे गेला होतात, तेव्हा काय म्हणाले?"

"कळलं म्हणाले."

"आणखी?"

"आणखी काही नाही."

तिने मान हलवली. "मलाही तेवढंच म्हणाले." तिची घडी जमली नाही, तिने ती मोडली आणि पुन्हा घातली.

इतकी वर्षं मला वाटत होतं, त्यांनी गुपित म्हणून सांगितलेलं मी फोडलं. आणि खरं तर गुपित कसं ठेवायचं हे त्या माणसाला चांगलं माहीत होतं. मीच पहिल्या दिवशी शिकवलं होतं. सांगायचं नसेल, ते बोलू नका. माउंडवर त्यांना थांबवायला कुणीतरी हवं होतं, म्हणून ते बोलले. क्लिनिकमध्ये नको होतं. मी समोर बसले होते, तयार होते, दोन भाषा घेऊन… आणि त्यांनी मला न्यायला काहीच दिलं नाही. माझ्या डोक्यावरचं एक ओझं गॅरेजमध्ये उतरलं आणि त्याच जागी दुसरं बसलं. मला त्यांचा भयंकर रागही आला. अजून आहे.

टॉवेल सानाए-सानने मला दिला. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याशेजारच्या हुकला आहे. त्याचं एक टोक झटकून झटकून विरलंय, दुसरं अगदी नव्यासारखं. मी आता इथल्या दवाखान्यांमध्ये दुभाष्याचं काम करते. परवा एका जपानी आजोबांना डॉक्टरांनी बरंच काही सांगितलं आणि ते म्हणाले, "कळलं." दुभाष्याने बोलणाऱ्याच्या तोंडाकडे बघायचं असतं. मी हातांकडे बघितलं. मांडीवरची टोपी त्यांनी दोन्ही हातांनी पिळून धरली होती. आजोबा, आणखी काही? मी विचारलं. हे डॉक्टर बोलले नव्हते, ते माझ्याच पदरचं मीठ होतं. आजोबांनी टोपी सैल सोडली. मग बोलायला लागले.

घरी आले, कुकर लावला, आणि हात पुसायला तो टॉवेल ओढला. आधी हातात धरून, पाय उचलून, त्यांच्यासारखा फिरवून पाहिला. वाजला नाही. इरा दारातून बघत होती. "आई, व्हॉट आर यू डूइंग?" म्हणाली. मी पुन्हा फिरवला.